वाचकांचे प्रश्न : प्रजेचे नागरिक करण्याचा तास

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या देशांतील शालेय शिक्षणावर आम्ही एक लेख छापला होता. नागरिकशास्त्राच्या तासातून राष्ट्र घडवता येईल, अशी त्या देशांच्या पहिल्या पिढीतील नेत्यांची श्रद्धा होती, असे एक विधान त्यात ओघात आले होते. त्या एका विधानावर इतकी पत्रे आली की या महिन्याचा स्तंभ सगळा त्यालाच देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी तीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. इतिहासाच्या तासाला मुले प्रश्न विचारत, नागरिकशास्त्राच्या तासाला मात्र व्याख्या उतरवून घेत आणि परीक्षेनंतर विसरून जात. हा विषय इतका निर्जीव कधी झाला? की तो मुळातच तसा होता?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : मुळातच तसा होता, असे म्हणावे लागेल. वसाहतीच्या सरकारला नागरिक नको होते, त्याला सज्जन प्रजा हवी होती. आणि हा विषय शाळेत आला तो त्या गरजेपोटी. भारतापुरते बोलायचे तर विल्यम ली-वॉर्नर या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने भारतीय विद्यार्थ्यांसाठी नागरिकत्वावर लिहिलेले पुस्तक १८९७ मध्ये निघाले. राज्यकारभाराची रचना, तिचे लाभ आणि त्या लाभांच्या बदल्यात अपेक्षित असलेली निष्ठा हा त्यातील विचाराचा सांगाडा होता. याच सुमारास सरकारविरोधी असंतोष वाढू लागला होता, हे ध्यानात घेतले की पुस्तकाचा काळही योगायोगाचा वाटत नाही. फ्रेंच वसाहतींमध्ये आफ्रिकी मुलांकडून ‘आपले पूर्वज गॉल’ (गॉल म्हणजे फ्रान्सच्या भूमीतील प्राचीन लोक) असा धडा गिरवून घेतला जाई, ही हकिकत सर्वांना माहीत आहे. तिच्यावर आपण हसतो. पण वसाहतीतील शाळेने मागे ठेवलेला खरा वारसा असल्या हास्यास्पद धड्यांत नव्हता, तो धडा सांगण्याच्या पद्धतीत होता.

स्वातंत्र्यानंतर भिंतीवरची तसबीर बदलली, झेंडा बदलला, थोर पुरुषांची यादी बदलली. वाक्यरचना मात्र फारशी बदलली नाही. कोणत्याही नवस्वतंत्र देशाचे जुने पाठ्यपुस्तक उघडून क्रियापदे तेवढी पाहावीत. सरकार ‘करते’, ‘देते’, ‘पुरवते’. नागरिकाने ‘पाळावे’, ‘भरावे’, ‘राखावे’. नागरिक विचारतो, अडवतो, निवडतो किंवा बदलतो, अशी वाक्ये क्वचितच सापडतात. तुमच्या वर्गातील मुले इतिहासाला प्रश्न विचारत होती, कारण तेथे माणसे काहीतरी करत होती. नागरिकशास्त्रात माणसाला करण्यासारखे काही ठेवलेलेच नव्हते.

भारतात २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या विषयाचे वसाहतकालीन मूळ उघडपणे मान्य केले आणि विषयाचे नाव व स्वरूप दोन्ही बदलण्याची शिफारस केली. त्यानंतर आलेल्या केंद्रीय पाठ्यपुस्तकांत कार्यालयांच्या आणि पदांच्या याद्यांऐवजी माणसांचे प्रसंग आले. ही दुरुस्ती स्वातंत्र्यानंतर सुमारे सहा दशकांनी झाली. जाता जाता एक शब्दाची गंमत. राजाशिवायच्या राज्याला आपण मराठीत ‘प्रजासत्ताक’ म्हणतो. राजा गेला, पण शब्दात प्रजा राहिली.

प्रश्न : मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. नागरिकशिक्षणामुळे राष्ट्र घडले, असे पुराव्यानिशी सांगता येईल असा एखादा तरी देश आहे का? की हे सगळे भाषणापुरतेच असते?
— एक पदव्युत्तर विद्यार्थी

उत्तर : पुराव्याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण टांझानियाचे आहे आणि ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण त्यात यश आणि किंमत दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात.

टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, १९६१ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तेथे शंभराहून अधिक वांशिक समूह होते. स्वतंत्र देशाचे पहिले नेते ज्युलियस न्यरेरे स्वतः शिक्षक होते आणि ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, हीच त्यांची ओळख शेवटपर्यंत राहिली. १९६३ मध्ये टोळीप्रमुखांची सरकारी पदे रद्द झाली. फेब्रुवारी १९६७ मध्ये समाजवाद आणि स्वावलंबन हे धोरण मांडणारा अरुशा जाहीरनामा आला आणि पुढच्याच महिन्यात न्यरेरे यांनी स्वावलंबनासाठी शिक्षणाची आपली मांडणी प्रसिद्ध केली. वसाहतीच्या शाळेने मुलाला गावापासून तोडले, त्याला कारकुनीची आणि वर चढण्याची स्वप्ने दिली. आता शाळेने त्याला गावात उपयोगी पडणारा, श्रमाची लाज न बाळगणारा सोबती बनवावे, असा तिचा आशय होता. प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून झाले, शाळांना शेते जोडली गेली आणि ‘सियासा’, म्हणजे राजकीय शिक्षण, हा विषय वर्गात आला. स्वाहिली ही कोणत्याही एका मोठ्या समूहाची मक्तेदारी नव्हती, हे न्यरेरे यांचे मोठे भाग्य. ते प्रत्येक देशाच्या वाट्याला येत नाही.

अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड मिगेल यांनी २००४ मध्ये केनियातील बुसिया आणि टांझानियातील मेआटू या दोन ग्रामीण जिल्ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्हीकडची भौगोलिक आणि सामाजिक परिस्थिती बरीचशी सारखी होती, राष्ट्रउभारणीची धोरणे मात्र वेगळी होती. बुसियात ज्या गावांत वांशिक विविधता अधिक, तेथे गावकरी मिळून शाळेसाठी कमी पैसा उभा करत. मेआटूत विविधतेचा असा तोटा दिसला नाही. वेगळ्या जमातीच्या शेजाऱ्याच्या मुलासाठीही वर्गणी देणे, हे राष्ट्रभावनेचे मला माहीत असलेले सर्वांत विश्वासार्ह माप आहे. तुमच्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर द्यायचे झाले, तर ते या वर्गणीच्या आधारावर देता येईल.

परंतु दोन गोष्टी लगेच जोडाव्या लागतात. मिगेल स्वतः या फरकाचे श्रेय एकट्या अभ्यासक्रमाला देत नाहीत. भाषा, स्थानिक कारभारातील बदल आणि प्रदेशांमध्ये साधनांची समतोल वाटणी ही सगळी कारणे ते एकत्र धरतात. मुलाने वर्गात समतेचा धडा वाचला आणि रस्ता, दवाखाना, शाळा यांच्या वाटपातही त्याला तीच समता दिसली, म्हणून धडा खरा ठरला. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. त्या काळात टांझानियात १९६५ पासून एकपक्षीय राजवट होती आणि १९७३ ते १९७६ या काळात लाखो शेतकऱ्यांना सक्तीने नव्या सामूहिक गावांत हलवण्यात आले. ज्या शिक्षणाने शेजाऱ्याविषयी आपुलकी निर्माण केली, त्याने घर सोडायला लावणाऱ्या अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणायला शिकवले नाही. ते त्याचे उद्दिष्टच नव्हते. १९९२ मध्ये बहुपक्षीय पद्धत आली, तेव्हा ‘सियासा’ हा विषयही मागे पडला आणि त्याच्या जागी ‘उराया’, म्हणजे नागरिकत्व, हा विषय आला.

न्यरेरे यांच्याविषयीचा एक प्रसंग या संदर्भात सांगायला हवा. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये कमी वेतनावरील सक्तीच्या राष्ट्रीय सेवेविरुद्ध विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. वसाहतीचाच काळ बरा होता, असे सांगणारे फलकही त्यात होते. न्यरेरे यांनी सुमारे चारशे विद्यार्थ्यांना घरी पाठवले आणि सुशिक्षितांच्या पगाराची चर्चा निघालीच आहे तर, म्हणून स्वतःचा पगार वीस टक्क्यांनी कमी केला. या एका प्रसंगात हुकूमशाही आणि नैतिक अधिकार इतके गुंतलेले आहेत की मला आजवर त्यांची स्वच्छ विभागणी करता आलेली नाही. मात्र विद्यार्थ्यांना त्यागाचा पाठ देणाऱ्या इतर किती राष्ट्रप्रमुखांनी आधी स्वतःच्या वेतनाला कात्री लावली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

प्रश्न : नागरिकशिक्षण आणि सरकारी प्रचार यांतील सीमारेषा कोठे आखायची? प्रत्येक सरकार आपण देतो त्याला शिक्षण आणि विरोधक देतात त्याला प्रचार म्हणते.
— एक वकील वाचक

उत्तर : ही सीमारेषा पाठ्यपुस्तकातील मजकुरावरून आखता येत नाही, असे माझे मत आहे. मजकूर उत्तम असूनही शिक्षण प्रचार ठरू शकते. याचा सर्वांत मोठा प्रयोग इंडोनेशियात झाला.

पुढे इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सुकर्णो यांनी १ जून १९४५ च्या भाषणात मांडलेली पाच तत्त्वे ‘पंचसिला’ या नावाने त्या देशाचा पाया ठरली. आपल्या ‘पंचशील’ या शब्दाशी तिचे नाते उघड आहे. ईश्वरावरील श्रद्धा, मानवता, राष्ट्रीय ऐक्य, विचारविनिमयातून चालणारी लोकसत्ता आणि सामाजिक न्याय ही ती तत्त्वे आहेत. हजारो बेटांच्या आणि अनेक धर्मांच्या देशाला याहून सुज्ञ तडजोड सापडणे कठीण होते. सुकर्णो यांच्यानंतर आलेल्या राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीत १९७५ च्या अभ्यासक्रमात पंचसिलेचे नैतिक शिक्षण हा सक्तीचा विषय झाला, १९७८ मध्ये तिच्या आचरणाची अधिकृत मार्गदर्शिका मंजूर झाली आणि विद्यार्थ्यांपासून सरकारी नोकरांपर्यंत सर्वांना तिचे ठरावीक तासांचे वर्ग करावे लागले. १९८५ मध्ये तर सर्व पक्षांनी आणि संघटनांनी पंचसिला हाच आपला एकमेव पाया मानावा, असा कायदा झाला. विचारविनिमय हे ज्या तत्त्वप्रणालीचे एक कलम, तिच्याविषयी विचारविनिमय करणे हाच संशयाचा विषय ठरला.

मे १९९८ मध्ये संसदेच्या इमारतीत ठाण मांडून सुहार्तो यांच्या राजीनाम्याची मागणी करणारे विद्यार्थी याच वर्गांतून वाढलेले होते. पहिल्या इयत्तेपासून त्यांनी ही तत्त्वे घोकली होती. त्या शिक्षणाचा उपयोग झाला नाही असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. सामाजिक न्यायाचे वाक्य वर्षानुवर्षे पाठ करणाऱ्या मुलांना राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाची संपत्ती दिसत होतीच. त्याच वर्षी ती मार्गदर्शिका रद्द झाली. पंचसिला मात्र राहिली, कारण दोष तिच्यात नव्हता.

घानाची कथा वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने १९६० मध्ये मुलांसाठी ‘यंग पायोनियर्स’ ही चळवळ सुरू केली आणि तिच्यात देशनिष्ठा व एन्क्रुमानिष्ठा यांत फारसे अंतर ठेवले नाही. १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमा यांना पदच्युत केले. मग लोकांना लोकशाहीचे खरे शिक्षण द्यावे म्हणून नागरिकशिक्षणाचे एक केंद्र निघाले. त्याचे प्रमुखपद कोफी बुसिया या विद्वान समाजशास्त्रज्ञाकडे गेले. ते एन्क्रुमा यांचे जुने विरोधक होते. केंद्राच्या कामासाठी देशभर त्यांचे नाव आणि चेहरा पोहोचला आणि १९६९ च्या निवडणुकीत ते पंतप्रधान झाले. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, आणि ती निराधार होती असे म्हणवत नाही. शिकवणारा प्रामाणिक असला तरी तो स्वतः उमेदवार असला की काय होते, हे घानाने एकदा पाहिले.

म्हणूनच १९९२ च्या घानाच्या संविधानाने घेतलेली खबरदारी मला महत्त्वाची वाटते. त्यात राष्ट्रीय नागरिकशिक्षण आयोगाची तरतूद आहे आणि आपले काम करताना तो कोणाही व्यक्तीच्या किंवा सत्तेच्या निर्देशाखाली असणार नाही, असे स्पष्ट कलम आहे. निवडणूक आयोगाला जे स्वातंत्र्य असावे असे आपण मानतो, तेच नागरिकशिक्षणाला असावे, ही ती कल्पना. निधी सरकारकडूनच येतो, त्यामुळे आयोगाचे हात अनेकदा आखडतात. तरीही कल्पना योग्य आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : पुस्तकात काय लिहिले आहे ते बाजूला ठेवावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. पुस्तक कोण ठरवतो व त्याला कोण काढू शकतो? वर्गात ‘मला हे पटत नाही’ म्हणणाऱ्या मुलाचे काय होते? आणि ज्या मापाने नागरिकाला मोजले जाते, त्याच मापाने सरकारलाही मोजण्याची मुभा आहे का? वकील असल्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचे मोल तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : नागरिकशास्त्र इतिहासाबरोबर शिकवावे की वेगळे?
— एक पालक

उत्तर : उत्तर देशागणिक बदलते. लेबनॉनमध्ये १९७५ पासून पंधरा वर्षे यादवी चालली. ती संपवणाऱ्या १९८९ च्या ताइफ कराराने इतिहास आणि नागरिकशिक्षण या दोन्ही विषयांची देशभर एकच पाठ्यपुस्तके असावीत, असे ठरवले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नागरिकशिक्षणाचे समान पुस्तक झाले. इतिहासाचे आजतागायत झालेले नाही. नागरिकाची कर्तव्ये कोणती, यावर सर्व पंथांचे एकमत झाले, पण काल कोणी कोणाला का मारले, यावर होऊ शकले नाही. रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर शाळांतील इतिहासाचे अध्यापनच कित्येक वर्षे थांबवले गेले, कारण द्वेषाची बीजे त्याच तासाला पेरली गेली होती. तेथे एकात्मतेचे धडे दिले गेले, शिबिरे झाली, पण वांशिक ओळखीविषयी उघडपणे बोलण्यावर कायद्याचे कडक निर्बंधही आले.

इतिहासाशिवायचे नागरिकशास्त्र सुरक्षित असते आणि पोकळ असते. मूल विचारणारच की आपण हे सगळे का पाळायचे. त्याचे उत्तर भूतकाळातच असते. ज्या देशाला इतिहास शिकवण्याचे धैर्य अजून आलेले नाही त्याने थांबावे, हे मी समजू शकतो. ज्या देशात दोन्ही विषय एका पुस्तकात बसतात, त्याने मात्र ते वेगळे करू नयेत.

प्रश्न : नवस्वतंत्र देशांना शिस्त आधी हवी असते. हक्कांची चर्चा स्थिरस्थावर झालेल्या देशांना परवडते. शाळेत आधी कर्तव्ये शिकवावीत, हक्क पुढे आपोआप कळतात, असे मला माझ्या सेवेतील अनुभवावरून वाटते. आपले मत काय?
— एक निवृत्त सरकारी अधिकारी

उत्तर : आपल्या मताचा मी आदर करतो, पण मला ते पटत नाही. कारण सांगतो.

भारताच्या मूळ संविधानात मूलभूत कर्तव्यांचा स्वतंत्र भाग नव्हता. तो १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला. तेव्हा आणीबाणी होती, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते आणि वृत्तपत्रांवर निर्बंध होते. दहा कर्तव्यांच्या त्या यादीत (अकरावे २००२ मध्ये जोडले गेले) आक्षेप घेण्यासारखे फार थोडे आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासण्याचे कर्तव्य तर मला विशेष प्रिय आहे. तरीही ज्या क्षणी हक्क स्थगित होते, नेमक्या त्याच क्षणी कर्तव्यांची आठवण व्हावी, ही गोष्ट विसरता येत नाही. आणि हे भारतापुरतेच नाही. कर्तव्यांची भाषा सर्वांत उंच आवाजात कधी ऐकू आली, याचा इतर देशांतील शोध घेतला, तर हेच बहुधा आढळेल.

शिस्तीच्या मुद्द्यावर १९८६ मधील सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय आठवतो. केरळमधील एका शाळेतील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणे पुरेसे आहे आणि गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही, असे सांगितले. त्या शाळेतील इतर मुलांनी त्या एका आदेशातून संविधानाविषयी जे शिकले असेल, ते वर्षभराच्या तासांनी शिकवता आले नसते.

आणि आपण ‘आपोआप’ हा शब्द वापरला आहे. संविधानसभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संवैधानिक नीतिमत्ता ही माणसाची नैसर्गिक भावना नसते, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असे बजावले होते. पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबरच्या भाषणात, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे ठरतील, असा प्रश्न त्यांनी विचारला. आपण अजून राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर उमगेल तितके बरे, असा त्यांचा रोख होता. या दोन भाषणांतील क्रम पाहावा. त्यांनी राष्ट्र गृहीत धरून नागरिकाला आज्ञा दिली नाही. बंधुता आली तर राष्ट्र होईल, आणि समतेशिवाय बंधुता येणार नाही, अशी त्यांची दिशा होती. ज्याला सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नाही, त्याला सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करण्याचे कर्तव्य आधी शिकवा, असे म्हणणे मला तरी जड जाते.

प्रश्न : नागरिकशास्त्राऐवजी धर्मशिक्षण दिले तर मुले आपोआप चांगली नागरिक होणार नाहीत का?
— एक वाचक

उत्तर : सिंगापूरने हे करून पाहिले. १९८४ पासून माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत धर्मविषयक ज्ञान सक्तीचे झाले. ख्रिस्ती, बौद्ध, इस्लाम, हिंदू, शीख किंवा कन्फ्यूशियन नीती यांपैकी निवड विद्यार्थ्याची होती. हेतू निर्मळ होता. काही वर्षांतच सरकारच्या ध्यानात आले की मुले धर्मागणिक वेगवेगळ्या वर्गांत बसू लागली आहेत आणि धर्मप्रसाराचा उत्साह वाढतो आहे. १९८९ मध्ये सक्ती मागे घेण्याचा निर्णय झाला आणि पुढे नागरिकत्व व नीतिशिक्षण हा सर्वांना समान विषय आला. आपला निर्णय चुकला हे पाच वर्षांत ओळखून तो फिरवणारी सरकारे थोडीच असतात. अनुकरण करायचे तर त्याचे करावे.

प्रश्न : हे सगळे शाळेविषयी झाले. जे प्रौढ कधी शाळेत गेलेच नाहीत, किंवा शाळा सोडून बराच काळ लोटला आहे, त्यांच्यासाठी नवस्वतंत्र देशांनी काय केले? त्याचा काही परिणाम होतो का?
— ग्रामीण भागात काम करणारी एक कार्यकर्ती

उत्तर : या प्रश्नावर अलीकडे बरेच चांगले संशोधन झाले आहे. स्टीव्हन फिंकेल या राज्यशास्त्रज्ञाने दक्षिण आफ्रिका, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि इतर देशांतील प्रौढांच्या कार्यक्रमांचा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष तुमच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या रोजच्या अनुभवाला धरून आहे : एखाद्या दिवशी येऊन व्याख्यान देऊन गेल्याने जवळजवळ काहीच होत नाही; वारंवार भेटी, लोकांना बोलते करणारी पद्धत आणि विषय जाणणारा, विश्वासार्ह शिक्षक या तिन्ही गोष्टी जुळल्या तर लोकांचा सहभाग खरोखर वाढतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकात असेही दिसले की अशा कार्यक्रमांनंतर लोकांचा शासनसंस्थांवरील विश्वास कमी झाला. देणगीदारांना हे अडचणीचे वाटले असेल. मला तो कार्यक्रम यशस्वी झाल्याचा पुरावा वाटतो, कारण संस्था कशी चालायला हवी हे कळलेल्या माणसाला ती कशी चालते हे दिसू लागते.

केनियात २००२ च्या निवडणुकीपूर्वी असा मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा वर्गाला हजर राहिलेल्यांनी घरी आणि शेजारी जाऊन चर्चा केल्यामुळे न आलेल्यांवरही परिणाम झाल्याचे आढळले. त्याच देशात २००७ च्या वादग्रस्त निकालानंतर हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मेली. मतमोजणीवरचा विश्वास उडाला की वर्गात शिकलेले एका रात्रीत किती टिकते, याचा तो कठोर दाखला आहे.

वर्गाबाहेरचा मार्ग नायजेरियाने निवडला. १९७० मध्ये तेथील यादवी युद्ध संपले आणि १९७३ मध्ये राष्ट्रीय युवक सेवा सुरू झाली : पदवीधराने एक वर्ष स्वतःच्या राज्याबाहेर जाऊन काम करायचे. अनोळखी भाषेच्या प्रदेशात वर्षभर राहिलेल्या तरुणांच्या मैत्री आणि लग्ने जुळल्या, ही योजनेची पुण्याई. मात्र २०११ मध्ये निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात बाउची राज्यात मतदान केंद्रांवर काम केलेल्या या सेवेतील तरुणांचेच बळी गेले आणि पालक आपल्या मुलांना दूर पाठवायला घाबरू लागले. ज्यांना राज्यसंस्था परप्रांतात पाठवते, त्यांचे तिला रक्षणही करता आले पाहिजे.

प्रौढांच्या नागरिकशिक्षणाचा मला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंग मात्र शिक्षण म्हणून योजलेलाच नव्हता. भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची यादी करावी लागली, तेव्हा देशातील साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. यादी करणारे कर्मचारी घरोघरी गेले. उत्तर भारतातील अनेक घरांतून स्त्रियांची नावे सांगण्यास नकार मिळाला. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच लिहून घ्या, असे सांगण्यात आले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, असे ठरवले. मतदार म्हणजे एक स्वतंत्र व्यक्ती आणि व्यक्तीला स्वतःचे नाव असते, एवढीच त्यामागची भूमिका होती. स्वतःचे नाव न दिल्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी शेवटी यादीतून वगळाव्या लागल्या.

हा निर्णय अन्याय्य होता, असे आज कोणी म्हणेल आणि त्या स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर ते खोटे नाही. संकोच समाजाचा होता आणि मत त्यांचे गेले. या वगळण्यावर गदारोळ झाला. सेन यांच्या मते तो इष्टच होता. त्यामुळे पुढच्या निवडणुकीपर्यंत हा पूर्वग्रह सैल होईल, अशी त्यांची अपेक्षा होती.